अर्जुनराव आणि बोगदा नंबर सहाच्या विधवा

सोसायटीच्या गणपतीत सिनेमा दाखवायचं काम माझ्याकडं होतं, आणि मी ते माझ्या नेहमीच्या चोखपणानं पार पाडलं. म्हणजे चुकीचा सिनेमा लावला.

भाच्याकडून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये दोन सिनेमे होते. एक मराठी, विनोदी, सहकुटुंब बघण्यासारखा. त्याच्यासाठी आमच्या रहाटणीच्या सोसायटीतल्या बायकांनी दुपारपासून पार्किंगमध्ये चटया टाकून जागा धरल्या होत्या. दुसरा परदेशी, भाच्यानं स्वतःसाठी ठेवलेला. माझा चष्मा वर घरात राहिला होता आणि लिफ्टला नेहमीप्रमाणे सणासुदीची सुट्टी होती. मी अंदाजानं बोट ठेवलं आणि पडदा पांढरा झाला.

बराच वेळ तो पांढराच राहिला. वॉचमननं प्रोजेक्टरला दोन चापट्या मारून पाहिल्या. मग त्या पांढऱ्यात एक ठिपका हलला, ठिपक्याचा ट्रक झाला, आणि ट्रकवर दोरीनं बांधलेला एक फ्रिज दिसायला लागला. नजर जाईल तिकडं बर्फच बर्फ असलेल्या देशात एक दाढीवाला माणूस कुणाला तरी फ्रिज पोचवायला निघाला होता.

"ह्यांना फ्रिज कशाला लागतोय?" मागच्या चटईवरून प्रश्न आला. हा प्रश्न सिनेमा काढणाऱ्याला शेवटपर्यंत पडला नाही.

अध्यक्षांनी माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, "चुकून दुसराच लागलाय का हो?"

शहाण्या माणसानं इथं 'हो' म्हटलं असतं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मुद्दाम निवडलाय. पुरस्कारप्राप्त आहे. आपल्या सोसायटीची अभिरुची कधीतरी उंचावायला नको का?"

'अभिरुची' ऐकताच पहिली चटई गुंडाळली गेली. ती अध्यक्षांचीच होती. ट्रकनं पहिलं वळण घेईपर्यंत पार्किंगमध्ये कुणाच्या तरी विसरलेल्या चपला, प्रसादाचे द्रोण आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले अर्जुनराव एवढेच उरले. मला वाटलं, झोपले असतील. जवळ जाऊन पाहिलं तर हाताची घडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर पडद्यावर. ही बैठक माझ्या ओळखीची होती. माझा माल तपासताना ते अगदी असेच बसतात.

अर्जुनराव डोईफोडे मूळचे कळंबकडचे, पण त्यांची सगळी हयात चाकणच्या एमआयडीसीत गेली. आमच्या कंपनीत मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या होतात. मी पर्चेसला, म्हणजे बाहेरच्या छोट्या कारखान्यांकडून सुटे भाग मागवणारा. ते इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे मी मागवलेले भाग गेटवर अडवून, मोजून, चाटून बघितल्यासारखे बघून परत पाठवणारे. चाटत नसत, पण एकदा एका पत्र्याचा वास घेऊन त्यांनी तो रिजेक्ट केल्याचं मी स्वतः पाहिलंय. कंपनीत आमचं हाडवैर होतं. सोसायटीत समोरासमोर दारं होती. त्यामुळं दिवसभर भांडायचं आणि संध्याकाळी एकमेकांकडं विरजण मागायचं, असा आमचा व्यवहार बरीच वर्षं सुरळीत चालला होता.

सिनेमात कुणी फारसं बोलत नव्हतं. ट्रक चालायचा आणि मागं गाणी वाजायची. एक संपलं की दुसरं. शेवटी फ्रिज एका म्हातारीच्या दारात उतरला, एक लांबलचक गाणं लागलं आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. मी सुटकेचा श्वास सोडून वायर उपटणार, तेवढ्यात अर्जुनराव ओरडले, "थांबा! मागं घ्या!"

"कशाला?"

"नावं पळाली ना राव. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याबिगर मी कधी उठलोय का?"

तीन वेळा मागं घेतलं. गाण्यांची नावं आणि ती कुणी केली त्या बँडची नावं आली, तसा त्यांनी पडदा थांबवायला लावला आणि मोबाईलमध्ये फोटो काढला. मग मान हलवत जिना चढून गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. आमच्या बसमध्ये जागा नोकरीच्या वर्षांप्रमाणं ठरलेल्या असतात. आपली खिडकी सोडून कुणी उठून आला म्हणजे एक तर घरात लग्न ठरलंय, नाहीतर माझा माल परत चाललाय.

"ज्ञानेशराव, रात्री झोप नाही. त्या सिनेमात इतकी गानी, पण सिनेमावाल्यानं सोताचं एकबी केलं नाही. सगळा माल बाहेरचा."

"तसंच असतं हो."

"मग आपल्यासारखंच हाय की! गाडीवर नाव एकाचं, बिजागरी आपली, आन् आपल्या बिजागरीतली पिन भोसरीच्या कुठल्या तरी शेडमधली."

चाकणला जन्म काढलेल्या माणसाला जगाचं कोडं असं एका झटक्यात सुटतं. सिनेमा म्हणजे गाडी. गाणं म्हणजे सुटा भाग. आणि बँड म्हणजे व्हेंडर, माल पुरवणारा. आता चांगला सुटा भाग हाती लागला की तो कुणी बनवला, त्याला कच्चा माल कुणी दिला, त्याच्याकडं आणखी काय काय बनतं, हे शोधत जाणं हा अर्जुनरावांचा पोटाचा धंदा. मागं एकदा तडा गेलेल्या पिनेचा माग काढत ते पार जालन्याच्या भट्टीपर्यंत जाऊन धडकले होते. ती विद्या आता संगीताला लागली.

पहिल्या बँडचा ड्रमवाला आधी दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये होता, म्हणून तो दुसरा बँड ऐकला. त्या दुसऱ्यानं आपली गाणी एका जुन्या गोठ्यात रेकॉर्ड केली होती, म्हणून त्या गोठ्यात आणखी कोण कोण वाजवून गेलं ते सगळे ऐकले.

"गोठ्यात?" मी विचारलं.

"गोठ्यात," ते आदरानं म्हणाले. "शेड बारकं असलं म्हनून काय झालं, माल बघा की."

माझ्या भोसरीच्या व्हेंडरचं शेड बारकं म्हणून ह्याच माणसानं मला वर्षभर छळलं होतं. पण ते असो.

महिन्याभरात अर्जुनराव कानात वायरी घातल्याशिवाय दिसेनासे झाले. ऐकत होते ते तरी मजेत ऐकावं! छे. ह्या माणसाला नुसतं आवडून घेता येत नाही, त्याला पास करावं लागतं. 'पेपर लाइटहाऊस' नावाचा एक बँड आठवडाभर त्यांच्या गळ्यातला ताईत होता, आणि एका सकाळी तो लाल डब्यात, म्हणजे रिजेक्ट मालात, गेला.

"का हो?"

"तीन मिन्टं गानं झ्याक. मग अचानक व्हायोलिन घुसवलंय. कुनी सांगितलं होतं?"

"अहो, त्यांचं गाणं आहे. त्यांना वाटलं असेल."

"वाटून कसं चालंल? आज व्हायोलिन वाटलं, उद्या सनई वाटंल." मग आवाज खाली आणून मला शिकवल्यासारखं म्हणाले, "पहिला अल्बम म्हंजे सँपल असतंय. सँपल सगळेच चांगलं देतेत. तुमचेबी देतेत. खरा दम दुसऱ्या लॉटला कळतो."

ह्या कसोटीला टिकलेला त्यांचा एकच लाडका बँड म्हणजे 'द विडोज ऑफ टनेल सिक्स'. सिनेमाचं शेवटचं गाणं, म्हातारीच्या दारात फ्रिज उतरतो तेव्हाचं, ते ह्यांचं. अर्जुनराव त्यांना घरच्यासारखं 'आपल्या विधवा' म्हणायचे. त्यांच्या कुटुंबानं, कुसुमताईंनी, एकदा हे ऐकलं आणि त्या पोळपाट सोडून बाहेर आल्या.

"कुठल्या विधवा?"

"बँडचं नाव हाय. बोगदा नंबर सहाच्या विधवा."

"बघू." त्यांनी मोबाईलवरचा फोटो लांब धरून पाहिला. फोटोत पाच दाढीवाले बाप्ये कुंपणाला टेकून उभे होते. "ह्यातल्या कुणाचा नवरा गेला?"

अर्जुनरावांनी वायरी परत कानात घातल्या. कुसुमताई माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, लग्न झाल्यापासून मी हाका मारते, त्या ह्यांना ऐकू येत नाहीत. तिकडं बर्फात कोण कण्हतंय ते बरोबर ऐकू येतं."

त्यांचं चुकत नव्हतं. एकदा अर्जुनरावांनी बसच्या ड्रायव्हरला गळ घालून ते गाणं बसच्या स्पीकरवर लावलं. गाण्याच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता एक बारीक, लांब सूर असतो. मोशीचा पूल ओलांडल्यावर ड्रायव्हरनं बस कडेला घेतली, खाली उतरला आणि बॉनेट उघडून पट्टा चाचपायला लागला. "आवाज येतोय," तो म्हणाला, "काहीतरी घासतंय." ते गाणं आहे हे त्याला पटेपर्यंत पहिल्या शिफ्टला लेट मार्क लागला. अर्जुनरावांचं नाव त्या दिवशी बसमध्ये ज्या ज्या प्रकारे घेतलं गेलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण आपल्याकडं कुठल्याही गोष्टीची चेष्टा करून दमलं की माणसं तिला मान द्यायला लागतात. दिवाळीपर्यंत सोसायटीत 'आमच्याकडं एक गृहस्थ आहेत, फक्त परदेशी बँड ऐकतात' असं पाहुण्यांना सांगितलं जाऊ लागलं. अध्यक्ष तर मीटिंगमध्ये म्हणाले, "तो सिनेमा आम्ही बघितलाय. क्लासच होता." सगळ्यात आधी चटई कुणी गुंडाळली होती, हे मी मनात ठेवलं. कारण श्रेय घ्यायला मीही मागं नव्हतो. 'अर्जुनरावांना ह्या नादाला लावलं कुणी? मी. मुद्दाम तो सिनेमा निवडला,' हे मी इतक्या लोकांना सांगितलं की पुढं पुढं मलाही ते खरं वाटायला लागलं.

फेब्रुवारीअखेर अर्जुनराव रिटायर व्हायचे होते.

आमच्याकडं रिटायर होणं म्हणजे नुसतं घरी जाणं नव्हे. माणसाला फेटा बांधतात, हारांनी गळा भरतात, उघड्या जीपमध्ये उभं करतात आणि गुलाल उधळत, बँड लावून घरापर्यंत पोचवतात. लग्नात माणूस वर असतो तेव्हा त्याला काही कळत नसतं, म्हणून ही दुसरी वरात. हिचा सगळा कारभार युनियनच्या दिग्विजयकडं. दिग्विजय जुन्या रहाटणी गावठाणातला, अंगापिंडानं दांडगा, आणि वरातीतल्या गाण्यांचा क्रम त्याच्याकडं पक्का ठरलेला. कंपनीच्या गेटवर निरोपाचं रडवणारं एक, मग नाचायची, मग घराच्या दारात देवाचं. माणूस कुठलाही असो, साहेब असो की हेल्पर, गाणी तीच. अर्जुनराव अशा कितीतरी वरातींच्या मागं, गुलाल लागणार नाही इतक्या अंतरावरून चालले होते.

जानेवारीत एका सकाळी बसमध्ये त्यांनी कानातल्या वायरी काढल्या. हीच मुळात मोठी घटना.

"ज्ञानेशराव, माझ्या वरातीत आपल्या विधवांचं गानं वाजवायचं. सगळीकडं नको. आपल्या गल्लीच्या तोंडापासून माझ्या दारापर्यंत."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"इतकी वर्षं दुसऱ्यानं मागवलेला माल तपासला. माझ्या आवडीचा एक नग कधी कुनी मागवला नाही. कंपनीत नाही, घरात नाही. लग्नात बँड सासऱ्यानं ठरवला होता. आता एवढं एक गानं माझ्या पसंतीचं वाजलं पायजे. बास."

हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, चिंबळी फाट्याला अडकलेल्या कंटेनरकडं बघत होते. माझ्या तोंडात एक चांगली कोटी तयार होती. ती मी गिळली. मला पुढं दिवसभर पित्त झालं.

आम्ही दिग्विजयला कँटीनमध्ये गाठलं आणि अर्जुनरावांनी त्याच्या एका कानात वायर घातली. तो डोळे बारीक करून ऐकत राहिला.

"काका, कुणी वारलंय का ह्येच्यात?"

"थांब. ताल पुढं हाय."

"कदी?"

"येतोय."

दिग्विजयचा चहा संपला. "काका, तुमचा मान हाय, न्हाई म्हणवत न्हाई. पर आमी मान्सं नाचाय आणतो. ह्ये लावलं तर समदी हात जोडून हुबी ऱ्हातील." मग वायर परत देत त्यानं तोड काढली, "आसं करा. वरातीला थेरगावचा जयसिंगचा बँड सांगितलाय. त्येनं वाजवलं तर वाजवा. पर आधी आमची गाणी, मग तुमची."

म्हणून आम्ही जयसिंगकडं गेलो. डांगे चौकाच्या मागं त्याचं एका शटरचं दुकान. आत खिळ्यांना लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात ढोल-ताशे, आणि स्टुलावर पिपाणी पुसत बसलेला जयसिंग. मला वाटलं, गाणं ऐकवायचं आणि निघायचं. पण अर्जुनरावांनी खिशातून टॉर्च काढला. नव्या व्हेंडरकडं गेल्यावर करतात तसा त्यांनी दुकानाचं ऑडिट सुरू केलं. ट्रम्पेटच्या तोंडात प्रकाश टाकला. ढोलावर टिचकी मारली.

"ट्रम्पेटला हा पोचा कधीचा?"

"वडलांच्या हातनं पडलं होतं."

"मग दुरुस्त नाही केला?"

"वडील ग्येले, साहेब."

अर्जुनरावांनी टॉर्च बंद केला आणि मोबाईल पुढं केला. जयसिंगनं डोळे मिटून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. सुरुवातीचा तो लांब सूर चालू असताना तो एक डोळा उघडून मला म्हणाला, "साहेब, हे सुरू व्हायच्या आत वरात घरी पोचल की."

ऐकून झाल्यावर त्यानं पिपाणीवर हलकेच ती चाल काढली. चुका होत्या, पण चाल ओळखू येत होती. अर्जुनरावांचा चेहरा क्षणभर उजळल्यासारखा झाला.

"सोपं हाय," जयसिंग म्हणाला. "चार वळणं हायत नुसती. हे लोक लग्नाच्या ऑर्डरी घेत्यात का?"

"नाही. परदेशात असतेत."

"तरीच. पर साहेब, ह्याच्या खाली ठेका टाकावा लागंल. ठेक्याबिगर माझी पोरं चालू शकत न्हाईत, पायात पाय येत्यात."

"ठेका मुळात नाही. शेवटी थोडासा हाय, तेवढाच वाजवायचा. जसंच्या तसं पायजे. बदल नाही."

"नुस्त्या सुरावर चालायला काय मयत हाय का?"

"बदल नाही."

जयसिंगनं आमच्या दोघांकडं पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

हे 'बरं' मी जन्मभर ऐकत आलोय. माझे सगळे व्हेंडर 'बरं' म्हणतात आणि त्यांना जमतं ते पाठवतात. पण तपासणं हे अर्जुनरावांचं खातं.

वरातीचा दिवस उजाडला. कंपनीच्या गेटवर हार झाले, मॅनेजरसाहेबांनी अर्जुनरावांचं नाव चुकवून भाषण केलं, रडवणारं गाणं वाजलं आणि ज्यांचा माल त्यांनी परत पाठवला होता तेही रडले, काही आनंदानं. मग बसनं सगळे रहाटणी फाट्यावर उतरले. तिथं जीप तयार होती. अर्जुनराव फेटा सावरत जीपमध्ये उभे राहिले. दिग्विजयची पोरं नाचली, गुलाल उडाला, आणि अर्जुनरावांनी तो सगळा माल संशयानं बघितला. त्यांची नजर पुढं आमच्या गल्लीच्या तोंडावर होती.

गल्ली आली. दिग्विजयनं हात वर केला. जयसिंगनं ट्रम्पेट ओठाला लावलं आणि तो लांब सूर काढला.

वरात जागच्या जागी थांबली. नाचणाऱ्या पोरांचे हात वर होते ते वरच राहिले. एकानं डोक्यावरची टोपी काढली. रिक्षांचे हॉर्न, भेळवाल्याची घंटी, ह्या सगळ्यावरून तो सूर सरकत गेला, आणि खरं सांगतो, माझ्यासारख्या माणसालाही क्षणभर वाटलं की आत्ता कुठून तरी बर्फ पडेल. अर्जुनरावांनी डोळे मिटले.

पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाला जयसिंगनं मागं बघून मान हलवली आणि ताशा कडाडला. खाली ढोलाचा ठेका आला. पोरांच्या पायांना जीव फुटला. "आरं तिच्या!" म्हणत दिग्विजयनं उडी घेतली.

आणि जीपमध्ये अर्जुनरावांनी डोळे उघडून दोन्ही हात वर केले.

"थांबवा! बंद करा! रिजेक्ट!"

बँड थांबला. मागं एक पाण्याचा टँकर, त्याच्या मागं शाळेची व्हॅन आणि पीएमपीची बस असं सगळं एकामागं एक येऊन थांबलं.

"ठेका कुनी घातला?"

जयसिंगनं टोपी काढली. "साहेब, तुमच्या पद्धतीनं दोन दिवस वाजवून बघितलं. ढोलवाला म्हणला, मला घरी जाऊ दे, मला आईची आठवण येतीया."

"मूळ गान्यात नाही. पहिल्यापासून घ्या."

"काका!" दिग्विजयनं कपाळावर हात मारला. "लोकांची वरात पोलीस आडवत्यात. तुमी सोताचीच आडवली व्हय!"

"खराब माल माझ्या दारात जानार नाही," अर्जुनराव म्हणाले. फेटा डोळ्यांवर आला होता, तो त्यांनी वर सरकवला. एक माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवत होता. आता त्यानं स्वतःचा निरोप परत पाठवला होता.

टँकरवाल्यानं बाहेर डोकं काढलं. "ओ नवरदेव! उतरा खाली! पाणी सोडायचंय!"

जयसिंगनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं, ठेक्याशिवाय. वरात जागची हलेना. ढोलवाला काठ्या काखेत धरून रस्त्याकडं बघत उभा राहिला. अर्जुनराव जीपमध्ये ताठ उभे, आणि त्यांचं गाणं वाजत होतं, हवं तसं, आणि एकही माणूस त्यांच्या घराच्या दिशेनं पाऊल टाकत नव्हता. त्यांनाही ते दिसत होतं. पण दिसणं आणि मान्य करणं ह्यांच्यामध्ये अर्जुनरावांच्या बाबतीत नेहमीच एक गेट असतं.

गर्दीतून वाट काढत कुसुमताई आल्या. हातात औक्षणाचं ताट, निरांजन वाऱ्यानं विझलेलं. सोसायटीच्या दारात ताटकळून पाय दुखले तशा त्या ताट घेऊन इकडंच निघाल्या होत्या.

"काय झालं?"

"ठेका घुसवलाय," अर्जुनराव वरून म्हणाले.

"मग?"

"मूळ गान्यात नाही ना."

"तुमच्या त्या दाढीवाल्या विधवांना इथं टँकरच्या पुढं चालत वाजवायचं असतं, तर त्यांनी घातला असता की नसता?"

अर्जुनराव फेट्याचं टोक चाचपायला लागले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. मालाचं काम बदललं की माप बदलायला परवानगी देता येते, हा त्यांच्याच खात्याचा नियम. तो त्यांना आठवत होता आणि आठवायला नको होता.

"आणि आणखी ऐका," कुसुमताई म्हणाल्या. जयसिंगनं ट्रम्पेट खाली घेतलं होतं, त्यामुळं सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. "गणपतीपासून तुमच्या कानातलं मी बाहेरून ऐकतेय. नुसतं चिं चिं. एक वायर कधी माझ्या कानात घातली का? मघाशी दारात उभी होते, लांबून वाजत आलं, तेव्हा कळलं की हे गाणं आहे म्हणून. चांगलं आहे. आता वाजू द्या."

टँकरवाल्यानं बाहेर काढलेलं डोकं आत घेतलं. त्याचंही लग्न झालेलं असावं.

अर्जुनरावांनी बायकोकडं पाहिलं, विझलेल्या निरांजनाकडं पाहिलं, मग जयसिंगकडं बोट केलं. "एवढ्या लॉटपुरतं चालंल," ते म्हणाले. "फक्त एवढ्याच."

ताशा कडाडला. दिग्विजयनं पुन्हा उडी घेतली, पोरं सुटली, आणि बर्फाच्या देशातलं ते गाणं रहाटणीच्या गल्लीतून गुलाल उडवत निघालं. कुसुमताई ताट घेऊन जीपच्या पुढं चालत होत्या. गाणं दारापर्यंत पुरलं नाही म्हणून जयसिंगनं ते परत पहिल्यापासून घेतलं, ह्या वेळी तो लांब सूर गाळून. अर्जुनरावांच्या लक्षात आलं. मी त्यांच्याकडंच बघत होतो. त्यांच्या ओठांवर 'रि' आलेला दिसला. पण त्यांच्या बोटांनी जीपच्या काचेवर ठेका धरला होता, आणि एका हातानं ठेका धरून दुसऱ्यानं थांबवा म्हणता येत नाही. दारात निरांजन पुन्हा लावलं गेलं, ओवाळणं झालं, आणि दिग्विजय घामानं निथळत ओरडला, "काका, पुढच्या वरातीला ह्येच! आमचं गाणं क्यान्सल!"

संध्याकाळी त्याच पार्किंगमध्ये, त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दोघं पेढा खात बसलो होतो. अर्जुनरावांनी एक वायर स्वतःच्या कानात घातली होती. दुसरी, जिन्यातून खाली येणाऱ्या कुसुमताईंसाठी हातात धरून ठेवली होती. मला वाटलं, हीच वेळ. गेल्या सहा महिन्यांत मी हे श्रेय सगळ्या रहाटणीकडून वसूल केलं होतं. एका मूळ माणसाकडून तेवढं राहिलं होतं.

"अर्जुनराव, आज तरी मान्य करा," मी म्हणालो. "मी त्या दिवशी तो सिनेमा मुद्दाम निवडून लावला नसता, तर हे गाणं तुमच्या दारापर्यंत आलं असतं का?"

त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि मला वरपासून खालपर्यंत, गेटवर अडवलेल्या मालासारखं बघितलं.

"चुकून लावला व्हता तुम्ही, ज्ञानेशराव; मुद्दाम आनलेला तुमचा एकबी माल आजपत्तुर पास झालेला नाही."